पुढच्या रांगेतली झोप

आमच्या बाबांना बँडमधली माणसं ‘भाता’ म्हणत. लोहाराकडे असतो तो भाता. तोंडावर ‘भाताकाका’, पाठीमागे नुसतं ‘भाता’. बाबांना दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हींचा अभिमान होता. ते ट्यूबा वाजवायचे. ट्यूबा म्हणजे बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य. मांडीवर घेतलं की वाजवणाऱ्याचं अर्धं अंग त्यामागे दिसेनासं होतं. त्याच्या वाट्याला गाणं फारसं येतच नाही. बाकीची वाद्यं मिरवतात आणि ट्यूबा खालून आधार देतो. पण एखादा सूर लांबवर धरायचा असला की सगळा बँड बाबांकडे बघायचा. बाबा एकदा छाती भरून श्वास घ्यायचे आणि मग सोडतच राहायचे. ऐकणाऱ्याचा जीव गुदमरायचा, बाबांचा सूर तसूभर हलायचा नाही.

आठवडाभर ते पाणीपुरवठा खात्यात पाइप जोडायचे आणि रविवारी सकाळी बागेतल्या गोल चौथऱ्यावर बँडमध्ये बसायचे. आमचं घर पाइपांवर चालायचं, पण घराचा तोरा सगळा ट्यूबाचा होता.

आणि रविवारी दुपारी बाबा घोरायचे. घोरायचे ते रोजच, पण रविवारच्या घोरण्याला वाजवून आल्याची रग असायची. पुढच्या खोलीच्या खिडकीची एक काच सैल होती, ती त्या आवाजानं थरथरायची. दुनियेचे पाइप घट्ट करणाऱ्या माणसानं ती एक काच कधी घट्ट केली नाही, यात काहीतरी हेतू होता असा माझा अजून संशय आहे. शेजारच्या शिवणकामवाल्या काकू म्हणायच्या, “तुमच्याकडे आडवे झाले वाटतं. चला, मीही मशीन बंद करते आता.”

मी आणि माझा धाकटा भाऊ दिवाणाजवळ चटईवर पडून वाट बघत असायचो. घोरणं चढत चढत जायचं आणि एकदम थांबायचं, कुणी मुख्य नळच बंद केल्यासारखं. बाबांची छाती हलायची, पोट हलायचं, पण आवाज नाही की वारा नाही. तेवढ्यासाठीच आम्ही टपलेलो असायचो. बाबा थांबले की आपणही श्वास धरायचा आणि त्यांचा सुटेपर्यंत आपला सोडायचा नाही, असा तो खेळ. धाकटा आधी लाल व्हायचा, मग जांभळा, मग फुस्स. मी थोडं जास्त टिकायचे, कारण मी मोठी होते आणि हरायची मला मुळातच सवय नव्हती. बाबा आम्हा दोघांना पुरून उरायचे. मग त्यांच्या घशातून एक मोठा फर्राटा यायचा, सगळं अंग दचकायचं आणि घोरणं पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू व्हायचं.

जागेपणी बाबा आम्हाला दम धरायला शिकवायचेच. जिना चढताना, आंघोळीच्या बादलीत तोंड बुडवून, चौकातला दिवा हिरवा होईपर्यंत. त्यामुळे झोपेतलं ते थांबणं म्हणजे बाबांचा रियाजच, अशी आमची पक्की समजूत होती. धाकट्यानं शाळेत तसं सांगूनही टाकलं. बाबांच्या कानावर गेलं तेव्हा ते खूश झाले. “अंगात मुरलंय रे,” म्हणाले, आणि पुढच्या तालमीला त्यांनी ते बँडला सांगितलं. क्लॅरिनेटवाल्या काकांनी म्हणे आठवडाभर झोपेत दम धरायचा प्रयत्न केला. त्यांच्या बायकोनं आमच्या आईकडे तक्रार केली. सगळे पोट धरून हसले. आई हसली की नाही ते मला आठवत नाही.

खेळ मोडायची ती आईच. आम्ही रंगात आलेलो असलो आणि शांतता जरा लांबली, की ती आतून हातातलं काम टाकून यायची आणि पायानं बाबांच्या पोटरीला ढोसायची. बाबा दचकून फर्राटा मारायचे आणि आमचा डाव फुकट जायचा. “आई, मोडलास ना खेळ,” असं आम्ही ओरडायचो. ती परत आत जाऊन काम उचलायची.

रात्री तर ती गुडघाच मारायची. बाबांनी याचा मोठा विनोद करून ठेवला होता. पाहुणे आले की पायजमा पोटरीपर्यंत वर करून नसलेला काळानिळा डाग दाखवायचे. “लोकांच्या बायका लाटणं उगारतात, आमच्याकडे लाथ आहे. लग्न झाल्यापासून एक रात्र सुखानं झोपू दिलं नाही हिनं.” आई चहाचे कप गोळा करत म्हणायची, “बरं झालं मारली.” एवढंच.

दुसरा विनोद आईच्या झोपेचा होता. आई कुठेही झोपायची. बँडच्या गणवेशांना पितळी बटणं लावायचं काम ती घरी आणायची आणि सुई बोटांत धरूनच पेंगायची. बाबांच्या बहिणी तिला ‘झोपाळूबाई’ म्हणत. पण कळस व्हायचा बागेत. दर रविवारी आई बँड ऐकायला यायची, नीट साडी नेसून, केस बांधून, सगळ्यांच्या आधी. पुढच्या रांगेतली अगदी कडेची खुर्ची तिची ठरलेली. तिथून बाकी बँड धड दिसायचासुद्धा नाही, समोर फक्त ट्यूबाचं प्रचंड तोंड. आणि बाबांचे पहिले दोन-चार सूर झाले की आईची मान कलायची. त्या दणदणाटात, त्या पितळेच्या तोंडासमोर, ती तान्ह्या मुलासारखी गाढ झोपायची. कार्यक्रम संपला, टाळ्या झाल्या, वाद्यं पेटीत गेली की जागी व्हायची आणि म्हणायची, “छान झालं.”

बाबांना हे लागायचं. लाथेचा विनोद ते हसून सांगायचे, हा मात्र सांगताना हसायचे नाहीत. “सगळं गाव ऐकतं,” ते एकदा मला म्हणाले होते, “आणि माझी बायको झोपते.”

मावशीचंही आईशी एक जुनं भांडण होतं. आई तिच्याकडे कधी मुक्कामाला राहिली नाही. सकाळी जायची, दिवसभर राबायची, पण अंधार पडायच्या आत परत यायची. मावशीला बाळ झालं तेव्हासुद्धा. “नवऱ्याला सोडून एक रात्र राहवत नाही हिला,” असं मावशी चारचौघांत म्हणायची आणि आईच्या पाठीमागे त्याहून बरंच काही.

गेल्या वर्षी आई गेली. साधा ताप आला, तो छातीत उतरला, आणि बटणं लावायचा एक अख्खा गठ्ठा तसाच राहिला.

मी बाबांकडे राहायला आले. माझं चष्म्याचं दुकान आहे, तिथून हे घर जवळच पडतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्यांना एकटं सोडवत नव्हतं. मागच्या खोलीत पडलं की भिंतीपलीकडून त्यांचं घोरणं ऐकू यायचं. काचसुद्धा तशीच वाजायची. इतकं बरं वाटायचं मला. आई नव्हती, धाकटा दूर देशी होता, पण ते घोरणं कानावर आलं की वाटायचं, घर अजून जाग्यावर आहे.

बाबा मात्र जाग्यावर नव्हते. जेवताना घास हातात धरून पेंगायचे. सकाळी डोकं धरून उठायचे आणि दिवसभर माझ्यावर नाही तर पेपरवर खेकसायचे. डोळ्यांखाली सूज आली. आम्ही सगळे म्हणायचो, बायको गेल्यापासून माणूस खचला. असं म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही, ही त्यातली सोय.

मग एका तालमीत तो प्रकार झाला. बँडमास्तर हा बाबांचाच शिष्य. गुडघ्याएवढा असताना बाबांच्या हाताखाली आलेला, आता त्याचेच केस पांढरे व्हायला लागलेत. त्यानं काठी वर केली, सगळे थांबले, आता बाबांचा लांब सूर. सगळ्यांनी तिकडे पाहिलं आणि ट्यूबाच्या मागून घोरणं ऐकू आलं. तालमीत लोक हसले. दोन आठवड्यांनी हेच बागेत, लोकांसमोर झालं. तेव्हा कुणी हसलं नाही.

बँडमास्तर घरी आला. खुर्चीत टेकून बसला नाही, कडेवर बसला, तेव्हाच मी ओळखलं.

“काका, तुम्ही डॉक्टरकडे जाऊन या,” तो म्हणाला. “बँडच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाला तो लांब सूर तुमचाच आहे. पण हे असंच राहिलं तर मला दुसऱ्या कुणाला तरी बसवावं लागेल.”

“माझ्या जागेवर?”

“हो, काका.”

“तुला ट्यूबा धरायला कुणी शिकवलं?”

“तुम्हीच,” तो म्हणाला आणि खाली बघत बसला. बाबांची उतरणीला लागलेली सगळी जिंदगी त्या एका खुर्चीवर टेकलेली होती. नोकरी संपली होती, बायको गेली होती. ती खुर्ची गेली तर हा माणूस उरत नाही, हे त्या खोलीतल्या तिघांनाही कळत होतं.

झोपेचेही डॉक्टर असतात, हे मला तेव्हा कळलं. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या बाई माझ्याहून लहान होत्या. बाबा आत शिरतानाच छाती काढून शिरले. डॉक्टरांनी बाबांचा घसा पाहिला, मानेला टेप लावून पाहिली, रक्तदाब घेतला. तो वाढलेला होता. मग विचारलं, “झोपेत तुमचा श्वास थांबतो असं कधी कुणी सांगितलंय?”

“थांबत नाही,” बाबा म्हणाले. “मी धरतो.”

“झोपेत?”

“रियाज आहे. अंगात मुरलंय.”

मी सवयीनं हसले. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्ही पाहिलंय हे?”

“सगळ्यांनीच पाहिलंय,” मी म्हणाले. “आम्ही लहानपणी खेळायचो. बाबांबरोबर श्वास धरायचा आणि—” सांगता सांगता मी थांबले. आम्ही ज्याला रियाज म्हणत होतो, त्यात बाबांना श्वासच मिळत नव्हता. छाती हलत होती ती त्यासाठी.

“शेजारी कोण झोपायचं?”

“हिची आई,” बाबा म्हणाले. “लाथ मारायची मला.”

“घोरायला लागलात की बहुतेकींना मारावीच लागते,” डॉक्टर म्हणाल्या. बाबांना आपली बाजू खरी ठरल्यासारखं वाटलं. मी मात्र बोलायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. मला एक जुनी गोष्ट आठवली होती आणि ती तिथे, परक्या माणसासमोर सांगायची नव्हती.

तपासणी घरीच झाली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली बारीक नळी. बाबा आरशात बघून म्हणाले, “मीटर बसवलाय मला.” चार दिवसांनी डॉक्टरांनी समोर बसवून सगळं समजावलं. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोप लागली की घशातले स्नायू सैल पडतात. वाट अरुंद झाली की तिथून जाणाऱ्या हवेनं पडदे थरथरतात, ते घोरणं. वाट पुरतीच मिटली की श्वास बंद. रक्तातला प्राणवायू उतरायला लागतो, मग मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, वाट उघडते, फर्राटा येतो, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. माणसाला यातलं काही आठवत नाही. त्याला वाटतं आपण रात्रभर झोपलो, पण त्याची झोप झालेलीच नसते. म्हणून दिवसा डोळा लागतो, सकाळी डोकं धरतं, रक्तदाब चढतो. हृदयावरही ताण पडतो.

“पण माझा दम बघा तुम्ही,” बाबा म्हणाले. “अजून कुणीही यावं.”

“तुमची फुप्फुसं उत्तम आहेत. जागेपणी घसाही चांगला आहे. झोपेत तो मिटतो, इतकंच.”

बाबांनी टेबलावर बोटानं एक पाइप काढला. मग म्हणाले, “म्हणजे पंप ठणठणीत आहे. पाइप मऊ पडलाय. ओढ लागली की चिमटतो.”

“अगदी तसंच,” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणून उपाय असा, की पाइपात बाहेरून थोडा दाब ठेवायचा, म्हणजे तो मिटणार नाही.” त्यांनी हवेचं मशीन लिहून दिलं. डब्याएवढं यंत्र, त्याला नळी, नळीला मास्क, रोज झोपताना लावायचा. शिवाय वजन थोडं उतरवा, उताणे झोपू नका, झोपण्याआधी घोट घेत असाल तर तो बंद. बाबा घोट घेत नसत, त्यामुळे तेवढं त्यांनी लगेच कबूल केलं.

मशीन आलं आणि आमच्या घरात लढाई सुरू झाली. पहिला मास्क बाबांच्या मिशांवर बसेना. मिशा म्हणजे बँडमधल्या माणसाची इभ्रत, त्या काढायचा प्रश्नच नव्हता. बाजूनं हवा सुटायची आणि डोळ्यांत जायची. नाकावर काहीतरी नीट बसवणं हा माझा रोजचा धंदा, मी पट्टे सैल केले, घट्ट केले, शेवटी बदलून नाकपुड्यांशी टेकणारा छोटा मास्क आणला. तो मिशांना चुकवून बसला. मग बाबा म्हणाले घसा कोरडा पडतो, तर मशीनच्या पाण्याच्या कप्प्यात पाणी भरून दिलं. मग म्हणाले आवाज येतो. ज्याच्या घोरण्यानं काच हलायची, त्याला या फुसफुशीचा आवाज यायला लागला. तीन-चार दिवस त्यांनी कसेबसे काढले, तेही रागारागानं, आणि एका सकाळी मला ते मशीन ट्यूबाच्या पेटीमागे फडक्याखाली झाकलेलं सापडलं.

“बाबा, हे इथे काय करतंय?”

“विश्रांती घेतंय. मलाही घेऊ दे.” ते चहा ओतत होते. “जन्मभर दुसऱ्यांचे भोंगे फुंकले मी. आता माझ्या नाकात यंत्रानं फुंकायचं? माझ्या? लोकांना काय सांगू?”

“लोकांना सांगू नका. कार्यक्रम तोंडावर आलाय, बँडमास्तर तुमच्या जागी दुसरा बसवेल.”

“बसवू दे. आधी तुझ्या आईनं लाथा मारून झोपू दिलं नाही, आता तू नळ्या घाल. बायकांना माझी झोप बघवतच नाही या घरात.”

माझा तोल गेला. आईवरचा तो विनोद मी जन्मभर हसत ऐकला होता, त्या दिवशी ऐकवला नाही.

“ती कधी मारायची लाथ?” मी विचारलं.

“कधी म्हणजे? घोरलो की.”

“तुम्हाला कसं माहीत? तुम्ही झोपलेले असायचात.”

“मग दुसऱ्या कशासाठी मारतात?”

मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली. मी लहान असताना आजी, म्हणजे आईची आई, शेवटच्या घटका मोजत होती. त्या एकाच रात्री आई घराबाहेर राहिली. जायच्या आधी तिनं मला तिच्या जागी, बाबांशेजारी झोपवलं. माझ्या अंगावर पांघरूण घातलं आणि म्हणाली, “बाबा घोरले तर घोरू दे. गप्प झाले की गुडघ्यानं ढोस. चांगलं जोरात ढोस, लाजू नकोस.” मला ते उलटं वाटलं. मी विचारलं, “गप्प झाले की?” ती म्हणाली, “गप्प झाले की. घोरतायत तोवर काळजी नाही.” उजाडायच्या आत ती परत आली होती. आजी गेली होती आणि मावशीला रडत ठेवून ती निघून आली होती. आत आली, पायातली चप्पलही न काढता पलंगाशी बसली आणि तिनं बाबांच्या छातीवर हात ठेवला. ते घोरायला लागल्यावर मग तिनं तोंडाला पदर लावला आणि आपल्या आईसाठी रडली.

“ती घोरण्यासाठी नाही मारायची, बाबा,” मी म्हणाले. “तुम्ही श्वास घ्यावा म्हणून मारायची.”

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. “मला का नाही बोलली?”

“बोलली असेलही. तुम्ही रियाज म्हणाला असाल.”

त्यांनी एवढंच विचारलं, “गप्प झाले की, असंच म्हणाली?”

“असंच.”

मग ते उठून गॅलरीत गेले आणि ट्यूबा पुसत बसले. तो आधीच लखलखत होता, तरी जेवणाची वेळ टळेपर्यंत पुसत होते.

दुपारी त्यांनी मला खोलीत हाक मारली. पलंगाच्या आईच्या बाजूला तिचं छोटं टेबल आहे. तिचा झाकणाचा पेला, केसांचे दोन आकडे आणि मीच बनवून दिलेला चष्मा, वर्षभर जसंच्या तसं होतं. मला धूळसुद्धा पुसू द्यायचे नाहीत. बाबांनी पेला माझ्या हातात दिला, आकडे त्यात टाकले आणि चष्मा घडी करून आपल्या खिशात ठेवला. मग मशीन उचलून त्या टेबलावर ठेवलं.

“हिच्याच बाजूला राहू दे,” म्हणाले. “आता तो पट्टा कसा घालतात ते परत दाखव. या वेळी बघतो नीट.”

मी पट्टा बसवला, बटण दाबलं. ते कुशीवर वळले. मी दाराशी उभी राहिले. बाबांना झोप लागली आणि काही ऐकूच येईना. घोरणं नाही, चढणं नाही, काच गप्प. माझा श्वास आपोआप धरला गेला, लहानपणी धरायचे तसा. मग पांघरूण वर झालं, खाली झालं, परत वर झालं. थांबलंच नाही. मी कितीतरी वेळ तशीच उभी होते, आणि दर वेळी ते पांघरूण हललं.

एका दिवसात काही बदललं नाही. कधी झोपेत मास्क काढून फेकायचे, कधी नळीत गुंतायचे, कधी माझ्या सगळ्या धंद्याचा उद्धार करायचे. पण काढलं की परत लावायचे. एके सकाळी ते स्वयंपाकघरात आले ते चक्रावल्यासारखे. “मला स्वप्न पडलं,” म्हणाले. कित्येक वर्षांत त्यांना स्वप्न आठवलं नव्हतं. काय पडलं विचारलं तर म्हणाले, “सांगण्यासारखं काही नाही. पाइप जोडत होतो.” पण दिवसभर खूश होते. डोकं दुखणं गेलं, डोळ्यांची सूज उतरली, पेपरवर खेकसणं बंद झालं, माझ्यावरचं थोडं उरलं. तालमीला गेले आणि जागे राहिले. बँडमास्तर घरी आला तेव्हा या खेपेला खुर्चीत टेकून बसला.

शेजारच्या काकू आता खूप म्हाताऱ्या झाल्यात. त्यांनी जिन्यात मला गाठून विचारलं, “बाबा गावाला गेलेत का गं? ऐकू येत नाहीत ते.” मी म्हटलं, इथेच आहेत, झोपतात. घरात शिरताना मलाही चुकल्यासारखं व्हायचं. ते घोरणं वाईट होतं, धोक्याचं होतं, सगळं मान्य. पण माझं अख्खं बालपण त्या आवाजावर डोकं ठेवून झोपलं होतं. ती चटई, लाल झालेला धाकटा, आतून धावत येणारी आई, सगळं त्या आवाजात होतं. धाकट्याला फोनवर आईची गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, “आणि आपण तिच्यावर ओरडायचो.” मावशीलाही सांगितली. ती रागावली. “मला सांगायला काय झालं होतं तिला,” असं म्हणत राहिली, आणि मग रडली.

वर्धापनदिनाच्या सकाळी बाबा गणवेश घालून तयार झाले. बटणं आईच्या हातची. मी ट्यूबाची पेटी उचलायला गेले तर त्यांनी थांबवलं आणि पलंगावर बसले.

“ती बागेत झोपायची बघ,” म्हणाले.

“हो.”

“मला फार राग यायचा.”

“माहीत आहे, बाबा.”

“त्या कडेच्या खुर्चीवर बसायची. मी म्हणायचो, झोपायचंच आहे तर मागे बसावं, इतक्या आवाजात कशाला.” त्यांनी खिशावरून हात फिरवला. चष्मा अजून तिथेच होता. “मी वाजवतोय म्हणजे माझा श्वास चाललाय. ऐकू येतोय. तेवढा वेळ तिला लक्ष ठेवायला नको. रात्री जागायची आणि तिथे येऊन झोपायची ती.”

ते उठले, टोपी सारखी केली आणि पेटी स्वतःच उचलली.

“आज तू तिच्या खुर्चीवर बस,” दारातून म्हणाले. “झोप आली तर झोप. मला राग नाही यायचा.”

बागेत मी कडेच्या खुर्चीवर बसले. समोर ट्यूबाचं मोठं तोंड, बाकी बँड दिसतच नव्हता. बँडमास्तरनं काठी वर केली, सगळे थांबले आणि बाबांनी तो सूर धरला. खुर्चीच्या लाकडातून तो माझ्या पाठीत शिरला. मी डोळे मिटले. झोप आली नाही, पण तिला इथे कशी लागत असेल ते कळलं.